पथ्यापासून शास्त्राकडे : आहारतज्ज्ञाच्या पदव्युत्तर शिक्षणाची वाट

काला अंब हे नाव मराठी माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. आज राष्ट्रीय राजधानी प्रदेशात मोडणाऱ्या पानिपत जिल्ह्यात, शहरापासून काही किलोमीटरांवर हे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या तिसऱ्या युद्धाची स्मृती तेथे जपलेली असून दरवर्षी त्या तारखेस दूरदूरचे मराठी लोक तेथे जमतात. रणभूमीवर सांडलेल्या रक्तामुळे तेथील आम्रवृक्ष काळा पडला, अशी लोककथा आहे. या युद्धाचा विचार करताना तोफा, घोडदळ आणि सरदारांचे आपसांतील मतभेद यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु त्या पराभवाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट अगदी साधी होती. ती म्हणजे अन्न.

ऑक्टोबर १७६० मध्ये अहमदशाह अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी सैन्याचा दिल्लीशी असलेला मार्ग तोडला. त्यानंतर सुमारे अडीच महिने सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतास अडकून पडली. लढणाऱ्यांच्या बरोबरीने बाजारबुणगे, यात्रेकरू, स्त्रिया आणि मुले यांचाही भार तिच्यावर होता. दुआबात शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि उरलीसुरली आशाही मावळली. माणसांना धान्य नव्हते, जनावरांना चारा नव्हता. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असा निर्धार करूनच सैन्य त्या सकाळी बाहेर पडले.

भुकेने शरीराचे आणि मनाचे नेमके काय होते, हे त्या काळी कोणी मोजलेले नव्हते. ते पुढे जवळजवळ दोन शतकांनी मोजले गेले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचा अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. बळ ओसरले, थंडी सोसेनाशी झाली. चिडचिड, उदासीनता आणि अन्नाखेरीज दुसरे काहीही न सुचणे, ही लक्षणे त्यांच्यात दिसून आली. जानेवारीच्या थंडीत पानिपतावर उभ्या असलेल्या उपाशी सैनिकाची अवस्था काय असावी, याची कल्पना या निरीक्षणांवरून करता येते. धान्य मिळवणे हा पुरवठ्याचा प्रश्न आहे. त्या धान्यातून कोणत्या शरीरास, कोणत्या अवस्थेत, किती आणि काय द्यावे, हा शास्त्राचा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ज्या व्यक्तीस विधिपूर्वक शिकवून तयार केले जाते, ती म्हणजे आहारतज्ज्ञ. तिचे शिक्षण कसे होते, त्यातील टप्पे कोणते आणि त्या टप्प्यांवर समाजाने लक्ष का ठेवावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

आहार आणि आरोग्य यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. आजाऱ्यास तांदळाची पेज द्यावी, तापातून उठलेल्यास मेतकूट-भात द्यावा, बाळंतिणीस डिंकाचे लाडू द्यावेत, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक होते. वैद्यही औषधाच्या जोडीने पथ्य सांगत. पथ्य हे अनुभवाचे संचित असते आणि त्यात शहाणपणही पुष्कळ असते. तथापि अनुभवाला एक मर्यादा आहे. अमुक खाल्ल्याने बरे वाटते, एवढे तो सांगतो. ते का वाटते, कोणाला वाटणार नाही आणि कोणाला त्याच पदार्थाने अपाय होईल, हे तो सांगू शकत नाही.

या 'का'चा शोध प्रथम लागला तो बव्हंशी सैन्यांमुळे आणि जहाजांमुळे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या खलाशांचे गट पाडून प्रत्येक गटास निराळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले खलाशी लवकर बरे झाले. असे असूनही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने देण्यास १७९५ साल उजाडले. जपानी आरमारात ताकाकी कानेहिरो यांनी १८८० नंतरच्या दशकात खलाशांचा आहार बदलून बेरीबेरी हा रोग आटोक्यात आणला. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि अलेक्सिस सोयर हा पाककुशल गृहस्थ यांनी १८५५ मध्ये लष्करी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांत सुधारणा घडवून आणल्या. शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात नाइटिंगेलने रुग्णाच्या अन्नासाठी स्वतंत्र प्रकरणे लिहिली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. रुग्णाचे अन्न हा केवळ आचाऱ्याचा विषय नव्हे, ही जाणीव येथून दृढ होत गेली.

भारतात या शास्त्राचा पाया १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी घातला. बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत सुरू झालेल्या त्या कामाची पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. मॅककॅरिसन यांचा एक प्रयोग मराठी श्रोत्यांना विशेष रंजक वाटेल. देशातील निरनिराळ्या लोकांचे आहार त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना दिले आणि त्यांची वाढ तपासली. शीख आहारावरील उंदीर सर्वांत पुष्ट निघाले. त्यांच्या पाठोपाठ पठाणी आहाराचा आणि मग महाराष्ट्रीय आहाराचा क्रम लागला. मुख्यतः पॉलिश केलेल्या तांदळावर अवलंबून असलेला मद्रासकडील आहार शेवटी राहिला. यातून कोणत्याही समाजाचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. सिद्ध झाले ते एवढेच की, कोंड्यासह दळलेले धान्य, दूध, डाळी आणि ताज्या भाज्या यांचे प्रमाण जसे बदलते, तसे शरीरही बदलते. आज असाच प्रयोग करावयाचा झाल्यास समाजांपेक्षा उत्पन्नाच्या स्तरांची तुलना करावी लागेल.

मॅककॅरिसन यांच्यानंतर वॉलेस एक्रॉइड, स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. व्ही. एन. पटवर्धन आणि त्यानंतर डॉ. सी. गोपालन यांनी या संस्थेची धुरा वाहिली. १९५८ मध्ये ती हैदराबादेस हलली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. भारतीय माणसास दररोज किती उष्मांक, किती प्रथिने आणि किती लोह लागते, याचे जे कोष्टक प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती असते, ते याच संस्थेच्या परिश्रमांचे फळ होय.

शास्त्र प्रयोगशाळेत वाढले, तरी ते रुग्णाच्या ताटापर्यंत नेणारा व्यवसाय निराळा असावा लागतो. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, क्लीव्हलंड येथे आहारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९६९ मध्ये तेथे नोंदणीची पद्धत सुरू झाली. भारतीय आहारशास्त्र संघटना, म्हणजेच इंडियन डायटेटिक असोसिएशन, १९६३ मध्ये स्थापन झाली. 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' ही उपाधी आपल्याकडे याच संघटनेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर लावता येते.

या परीक्षेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग गृहविज्ञानाच्या महाविद्यालयांमधून जातो. दिल्लीत अखिल भारतीय महिला परिषदेच्या प्रेरणेने १९३२ मध्ये लेडी आयर्विन महाविद्यालय उघडले आणि १९५० मध्ये ते दिल्ली विद्यापीठास जोडले गेले. त्याच शहरात १९६१ मध्ये गृह अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. मुंबईत महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालयाने, तसेच १९५५ मध्ये सुरू झालेल्या निर्मला निकेतनने आहारशास्त्राच्या विद्यार्थिनींच्या अनेक पिढ्या घडवल्या. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, नागपूरचे लेडी अमृताबाई डागा महाविद्यालय, हिस्सारचे कृषी विद्यापीठ आणि कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था, ही याच मालिकेतील आणखी काही नावे.

गृहविज्ञान या नावामुळे या विषयाचे काही भले झाले आणि काही नुकसानही झाले. ज्या काळात मुलींना महाविद्यालयात पाठवण्यास कुटुंबे राजी नसत, त्या काळात 'घरकामाचे शास्त्र' या नावाने विज्ञानाची दारे त्यांच्यासाठी उघडली. जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र त्या शिकल्या, हा मोठाच लाभ होय. परंतु त्याच नावामुळे हे शिक्षण लग्नापूर्वीची एक सोय आहे, असा समजही रूढ झाला. रुग्णालयात आहारतज्ज्ञाला स्वयंपाकघरावरील देखरेख करणारी बाई समजण्याची प्रवृत्ती या समजातूनच आली. पुरुष विद्यार्थ्यांसाठी तर ही वाट आरंभापासूनच अरुंद राहिली, कारण लेडी आयर्विनसारख्या नामवंत संस्था केवळ स्त्रियांसाठी होत्या व आहेत.

आता या वाटेवरील टप्प्यांचा क्रमाने विचार करावा. बारावीपर्यंत विज्ञान शाखा घेतलेला विद्यार्थी प्रथम पोषण, आहारशास्त्र, गृहविज्ञान किंवा तत्सम विषयाची पदवी घेतो. या पदवीत अन्नातील घटक, त्यांचे पचन व शोषण, स्वयंपाकाने त्यांच्यात होणारे बदल, वयपरत्वे लागणारा आहार आणि अन्नाची स्वच्छता यांचा परिचय होतो. निरोगी माणसाचा आहार ठरवण्यास एवढे ज्ञान पुष्कळ अंशी पुरते. रोग्याचा आहार ठरवण्यास मात्र ते पुरत नाही, आणि पदव्युत्तर शिक्षणाची आवश्यकता येथेच उत्पन्न होते.

ही आवश्यकता एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शेतमजुरास मधुमेह आहे आणि त्यातून त्याची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत, असे समजावे. मधुमेहासाठी त्याला साखर व भात कमी करण्यास सांगितलेले असते. शेजारी सांगतात की अशक्तपणा आला आहे, तेव्हा डाळी भरपूर खाव्यात. तहान लागते म्हणून कोणी शहाळ्याचे पाणी आणून देतो, कारण ते निर्दोष आणि पौष्टिक आहे, असा सर्वांचा विश्वास असतो. आता, मूत्रपिंडांची शक्ती घटली असता प्रथिनांचे प्रमाण मोजून द्यावे लागते. डायलिसिस सुरू झाल्यावर तेच प्रमाण उलट वाढवावे लागते, कारण त्या क्रियेत प्रथिनांचा काही अंश निघून जातो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. निरोगी शरीर जास्तीचे पोटॅशियम मूत्रावाटे टाकून देते, परंतु निकामी मूत्रपिंडांना ते साधत नाही. रक्तात ते साचले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हृदय बंदही पडू शकते. साखर पाहून केलेला उपदेश, अशक्तपणा पाहून केलेला उपदेश आणि तहान पाहून केलेला उपदेश, हे तिन्ही स्वतंत्रपणे योग्य वाटतात. एकत्र आले की ते त्या माणसाचा जीव घेऊ शकतात. रक्ताच्या तपासणीचे आकडे वाचून, चालू असलेली औषधे लक्षात घेऊन, भाज्या चिरून पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, इतक्या बारकाव्यापर्यंत त्या घराला समजावून सांगणे, हे प्रशिक्षित आहारतज्ज्ञाचे काम आहे.

पदवीनंतर विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. एक, आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदविका. ही साधारणतः एका वर्षाची असून तिचा रोख थेट रुग्णालयाकडे असतो. दिल्ली विद्यापीठाची आहारशास्त्र व सार्वजनिक आरोग्य पोषण ही पदविका या प्रकारातील होय. दुसरी वाट म्हणजे दोन वर्षांची एम.एस्सी. तिच्यात रोगावस्थेतील पोषण, प्रगत जीवरसायनशास्त्र, समाजपोषण, संस्थात्मक अन्नव्यवस्था, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हे विषय असतात आणि बहुधा एक प्रबंधही लिहावा लागतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उपयोजित पोषण आणि क्रीडापोषण या विषयांत एम.एस्सी. शिक्षण देते.

या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर उद्दिष्टावर अवलंबून आहे. ज्याला लवकरात लवकर रुग्णसेवेत शिरावयाचे आहे, त्याला पदविका सोयीची आहे. ज्याला पुढे महाविद्यालयात शिकवावयाचे आहे, संशोधन करावयाचे आहे किंवा शासकीय पोषण-योजनांच्या आखणीत भाग घ्यावयाचा आहे, त्याला एम.एस्सी. वाचून गत्यंतर नाही. सहायक प्राध्यापकपदासाठी घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या दाराची किल्ली पदव्युत्तर पदवीच होय. पदविकेने वाचलेले एक वर्ष पुढे परत मोजावे लागते, असा अनुभव अनेकांना येतो. म्हणून निवड करताना पहिल्या नोकरीचा विचार करून थांबू नये, त्यानंतरच्या दहा वर्षांचाही विचार करावा.

परंतु पदविका असो वा पदवी, वर्गातील शिक्षण पुरे झाले म्हणजे आहारतज्ज्ञ तयार झाला, असे होत नाही. नोंदणीच्या परीक्षेस बसण्यापूर्वी मोठ्या रुग्णालयात साधारणतः सहा महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. हा या शिक्षणाचा प्राण आहे. आंतरवासितेत विद्यार्थी सकाळी रुग्णकक्षात डॉक्टरांच्या फेरीबरोबर जातो, नळीवाटे द्यावयाच्या अन्नाचे प्रमाण ठरवतो, स्वयंपाकघरात शेकडो ताटांवरील चिठ्ठ्या तपासतो आणि दुपारी बाह्यरुग्ण विभागात रुग्णांशी बोलतो. पुस्तकात 'अठराशे उष्मांकांचा आहार' असे लिहिलेले असते. रुग्ण मात्र 'किती भाकऱ्या?' असे विचारतो. एकाच्या घरची भाकरी दुसऱ्याच्या घरच्या भाकरीच्या दुप्पट जाड असते, हे कळण्यासाठी रुग्णकक्षात पाऊल टाकावेच लागते. याच काळात आणखी एक धडा मिळतो. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसास एकदम भरपेट जेवू घातले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून त्याच्या जीवास धोका संभवतो. दयेपोटी वाढलेले ताटही मोजून वाढावे लागते, ही गोष्ट केवळ वाचून अंगी बाणत नाही.

यानंतर नोंदणीची परीक्षा येते. तिच्यात मूलभूत शास्त्रे, रोगानुसारी आहार, समाजपोषण आणि अन्नसेवेचे व्यवस्थापन अशा सर्व अंगांचे ज्ञान तपासले जाते. उत्तीर्ण होणारा उमेदवार नोंदणीकृत होतो. पुढे ठराविक मुदतीने नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. शास्त्र बदलत असल्यामुळे जुन्या ज्ञानावर आयुष्यभर विसंबता येत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. भारतीयांच्या आहारातील आवश्यक घटकांची प्रमाणे २०२० मध्ये सुधारण्यात आली आणि सर्वसामान्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०२४ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाली. ज्याने त्यापूर्वी पदवी घेतली आणि नंतर पुस्तक उघडले नाही, त्याचा सल्ला तेवढ्यापुरता शिळा झाला, असेच म्हणावे लागेल.

परदेशांतील पद्धतीशी तुलना केल्यास आपल्या व्यवस्थेची बलस्थाने आणि उणिवा अधिक स्पष्ट होतात. अमेरिकेत दीर्घकाळ पदवी आणि त्यानंतरची आंतरवासिता एवढ्यावर परीक्षेस बसता येत असे. १ जानेवारी २०२४ पासून तेथे पदव्युत्तर पदवी अनिवार्य झाली. अभ्यासक्रमास अधिकृत मान्यता हवी आणि देखरेखीखाली किमान १००० तासांचे प्रत्यक्ष काम हवे, अशाही अटी तेथे आहेत. काही विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण आणि प्रत्यक्ष काम एकाच अभ्यासक्रमात गुंफलेले असते, तर काही ठिकाणी ते निरनिराळे पुरे करावे लागते. ब्रिटनमध्ये 'डायटिशियन' हा शब्द कायद्याने संरक्षित असून नोंदणी नसलेल्या व्यक्तीने तो लावल्यास तो गुन्हा ठरतो. तेथे 'न्यूट्रिशनिस्ट' या शब्दास मात्र असे संरक्षण नाही. पुण्यामुंबईहून उच्च शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानी घ्यावे की, भारतातील नोंदणी तेथे आपोआप ग्राह्य धरली जात नाही. पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि उणे पडणारे विषय व प्रत्यक्ष कामाचे तास भरून काढावे लागतात. प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम नोंदणीस पात्र आहे किंवा नाही, एवढी एकच चौकशी केली तरी पुष्कळ पैसा आणि वर्षे वाचतात.

भारतात मात्र नोंदणीमागे दीर्घकाळ कायद्याचे बळ नव्हते. संघटनेची परीक्षा हा गुणवत्तेचा पुरावा होता, परंतु ती न देताही कोणीही स्वतःस आहारतज्ज्ञ म्हणवून घेऊ शकत असे. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यातील दहा व्यवसायवर्गांमध्ये पोषणशास्त्र हा एक स्वतंत्र वर्ग असून आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ या दोघांचाही त्यात समावेश आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान ३६०० तासांचे शिक्षण या कायद्याने आवश्यक ठरवले. तथापि कायदा करणे आणि तो अंमलात आणणे यांत अंतर असते. राज्यांच्या परिषदा वेळेवर स्थापन होईनात, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. २०२५ मध्ये पोषण व आहारशास्त्रासह दहा व्यवसायांसाठी देशभर एकसमान अभ्यासक्रम जाहीर करण्यात आले.

त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला आणि त्याचे परिणाम दूरवर जाणारे आहेत. या कायद्याच्या कक्षेत येणारे विषय, त्यांत पोषण व आहारशास्त्रही आले, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले आणि जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश थांबवण्यास सांगितले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने आहारशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापन या विषयाची एम.एस्सी. पदवी दूरशिक्षणाने उपलब्ध करून दिली होती. नोकरी करणाऱ्या, लग्नानंतर शिक्षण तुटलेल्या, जिल्ह्याच्या ठिकाणीही पदव्युत्तर महाविद्यालय नसलेल्या अनेक स्त्रियांना तिचा आधार होता.

येथे दोन न्याय्य अपेक्षा एकमेकींसमोर उभ्या राहतात. रुग्णकक्ष न पाहिलेल्या हाती रुग्णाचा आहार सोपवू नये, ही अपेक्षा योग्यच आहे. शहाळ्याच्या पाण्याचे वर दिलेले उदाहरण तिच्या बाजूने साक्ष देते. परंतु पानिपतच्या एखाद्या खेड्यातील किंवा गडचिरोलीच्या आडगावातील मुलीस दिल्ली-नागपुरात दोन वर्षे राहणे परवडत नसेल, तर तिच्यापुरते हे दार बंद झाले, हेही तितकेच खरे आहे. दर्जा राखण्याचा उपाय म्हणून दार अरुंद करणे हा सोपा मार्ग होय. जिल्हा रुग्णालयांत मान्यताप्राप्त आंतरवासितेच्या जागा निर्माण करणे, तेथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञांची कायम पदे भरणे आणि विद्यार्थिनींना वसतिगृह व विद्यावेतन देणे, हा खर्चाचा, परंतु खरा मार्ग होय. पहिला मार्ग अनुसरून दुसरा टाळला, तर आहारतज्ज्ञ शहरांतच निपजतील आणि शहरांतच राहतील.

गरज मात्र सर्वत्र आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या आणि पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एकाच घरात आजोबांना मधुमेह, सुनेला रक्तक्षय आणि नातवाची वाढ खुंटलेली, असे दृश्य आज अपवादात्मक राहिलेले नाही. एका चुलीवर शिजणारे अन्न या तिघांनाही मानवेल, अशी योजना करणे हे कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीहून कठीण काम आहे.

त्यासाठी शास्त्राबरोबर लोकांच्या ताटाचेही ज्ञान लागते. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर मजुरांना सुकडी वाटण्यात आली आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. सुकडी लोकांच्या स्मरणात राहिली, कारण ती हातात घेऊन चालताचालता खाता येत होती आणि तिची चव ओळखीची होती. मिलोच्या आठवणी फारशा गोड नाहीत. दोहोंनी पोट भरले, परंतु लोकांनी आपले म्हटले ते एकालाच. आहारतज्ज्ञाने यापासून बोध घ्यावा. हरियाणातील रुग्णास बाजरीची रोटी आणि ताक, कोकणातील रुग्णास नाचणी आणि कुळीथ, विदर्भातील रुग्णास ज्वारी आणि अंबाडीची भाजी, अशा त्याच्या त्याच्या अन्नातून उपचार सुचवता आला पाहिजे. बाजारातील महागडी भुकटी लिहून देण्यास पदव्युत्तर शिक्षणाची आवश्यकता नाही.

जे विद्यार्थी आणि पालक या वाटेचा विचार करीत असतील, त्यांनी प्रवेशापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. अभ्यासक्रम नव्या कायद्यानुसार मान्य आहे काय? त्याच्या आधारे नोंदणीच्या परीक्षेस बसता येते काय? आंतरवासितेसाठी कोणत्या रुग्णालयाशी करार आहे आणि तेथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ प्रत्यक्ष काम करतात काय? आणि यापूर्वीचे विद्यार्थी आज कोठे आहेत? इमारतीची भव्यता व माहितीपत्रकाचा गुळगुळीतपणा यांवरून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी एक सवय लावून घ्यावी. औषध लिहून देणाऱ्याची पदवी आपण पाहतो. आहार सांगणाऱ्यासही त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी. विचारण्यात अनादर नाही, आणि जो खरोखर शिकलेला आहे, त्याला या प्रश्नाचे वाईट वाटणार नाही.